गळ्यावरचं लोखंड

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच महिने वाचतेय, पण खरं सांगायचं तर त्यातल्या चुका काढायला. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. कुणी लिहिलं की दार आपोआप उघडलं, की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो – खिडकी उघडी होती का? आमच्या घरात अमावास्या-पौर्णिमा कुणी लक्षात ठेवत नाही. त्यामुळं आज मीच इथं लिहायला बसलेय याचं माझ्या नवऱ्यालाही नवल वाटतंय. तो म्हणाला, "लिही, पण जसं झालं तसंच लिही. मसाला नको." तर जसं झालं तसंच लिहितेय.

आमचा फ्लॅट छत्रपती संभाजीनगरला, चिकलठाण्यात. जालना रोडपासून आत वळलं की विमानतळाच्या अलीकडं ज्या नव्या बिल्डिंगा झाल्यात, त्यातल्या एकीत सहाव्या मजल्यावर. आमच्या डोक्यावर थेट गच्ची. म्हणजे उन्हाळ्यात काय होत असेल ते इथल्या लोकांना सांगायला नको.

माझी आई पैठणला असते. ती बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ती पहिल्यासारखी उठली नाही. शेतातून डोक्यावर भारे वाहून आणणारी बाई ती... तिला कुशीवर वळवायला दोघी लागायला लागल्या. त्या धावपळीत डॉक्टरांनी मलाही तपासणी करून घ्यायला सांगितलं. रिपोर्ट बघून म्हणाले, "मॅडम, तुमचीही हाडं आत्तापासूनच ठिसूळ व्हायला लागलीत. नुसतं चालून भागणार नाही. वजन उचला."

वजन! मी सेहेचाळीस वर्षांची बाई, आयुष्यात गॅसचं सिलेंडर सोडून काही उचललेलं नाही. जिममध्ये माझेच विद्यार्थी असतात, तिथं जायची लाज वाटायची. मग संदीपनं – माझ्या नवऱ्यानं – कोपऱ्यातली बेडरूम रिकामी केली. बेंच आणला, लांब रॉड आणला, लोखंडी प्लेट्स आणल्या. सुरुवातीला तो माझी चेष्टा करायचा, पण रोज बेंचमागं उभाही तोच राहायचा, रॉड धरायला.

दोन-तीन आठवडे झाले असतील, खालच्या मनीषावहिनी वर आल्या. आमच्या बरोबर खाली, पाचव्या मजल्यावर राहतात. बारीक चणीच्या, बोलायला एकदम मोकळ्या.

"मॅडम, रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण वर काय पाडता हो तुम्ही? आमचे अण्णा लई दचकतात."

अण्णा म्हणजे त्यांचे सासरे. आम्ही राहायला यायच्या आधीच त्यांना अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यांची खोली नेमकी आमच्या त्या बेडरूमच्या खाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच रविवारी आम्ही शहागंजमधून जाड रबरी मॅट आणल्या, खाली जुनी सतरंजी घातली. आवाज बंद.

तर वहिनी पुन्हा वर! म्हणाल्या, "व्यायाम सोडला का काय मॅडम?"

"नाही हो. मॅट टाकल्या."

"मग काढा त्या. अण्णा सारखे छताकडं बघतात. दिवसभर करमतच नाही त्यांना. तुमचा आवाज आला की डाव्या हाताची बोटं हलवायचे ते, आम्हाला वाटलं दचकतात. ते मोजत होते मॅडम!"

मी त्यांच्याबरोबर खाली गेले. खिडकीशी कॉट, त्यावर उंच, हाडकुळा माणूस. पांढरी दाढी स्वच्छ केलेली. मी म्हटलं, "अण्णा, मीच ती वरची. आवाज करणारी." ते अर्ध्या चेहऱ्यानं हसले. बोलायचा प्रयत्न केला, पण घशातून नुसतं "हं... हं..." आलं. मला तेव्हा जे वाटलं ती दया नव्हती. एखाद्या मोठ्या माणसानं आपल्याला शाबासकी द्यावी, तसं काहीतरी वाटलं.

तेव्हापासून मी एक मॅट काढून ठेवली. शेवटचा सेट झाला की रॉड मुद्दाम जरा वाजवून ठेवायचे.

आता त्या दिवसाचं सांगते.

एप्रिल संपत आला होता. कॉलेजचे पेपर तपासून मी दुपारी घरी आले. संदीप कंपनीच्या कामानं पुण्याला गेलेला. मी एकटीच. कूलर फुल्ल लावला, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. आमचा कूलर म्हणजे विमानच – तो चालू असला की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नाही. दार ओढून घेतलं होतं, आतून कडी नव्हती लावली. एक चावी वहिनींकडं असते, आम्ही पैठणला गेलो की त्या झाडांना पाणी घालतात म्हणून.

एकटी असताना बेंच प्रेस – म्हणजे बेंचवर आडवं पडून रॉड छातीवरून वर ढकलणं – करायचं नाही असं संदीपनं बजावलं होतं. पण चार दिवस आईपाशी काढून आले होते, अंगात एक राग होता... तिचं ते पडून राहणं बघून आलेला. म्हटलं, करून टाकू. आणि रॉडच्या दोन्ही टोकांचे लॉक मी घट्ट पिळले, एखादी प्लेट निसटून अण्णांच्या डोक्यावर धाडकन आवाज नको म्हणून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते – लॉक नसले, तर अडकल्यावर रॉड एका बाजूला कलता करून प्लेट्स खाली सांडता येतात आणि माणूस सुटतो. मी माझी ती वाटच बंद केली होती.

पहिले दोन सेट छान झाले. तिसऱ्याला रॉड छातीपर्यंत आला आणि वर जाईचना. डावं मनगट एकदम वळलं. रॉड छातीवरून घसरत गळ्याच्या हाडापाशी आला आणि तिथून... गळ्यावर.

लोक म्हणतात की अशा वेळी सगळं आयुष्य डोळ्यांपुढून जातं. माझ्या डोळ्यांपुढं फक्त पंखा होता. ओरडायला गेले तर आवाजच फुटेना. दोन्ही हातांनी रॉड जेमतेम इतका तोलून धरला होता की थोडा श्वास जात होता. पाय आपटावेत तर पाय हलवला की तोल जायचा आणि रॉड आणखी रुतायचा. हात थरथरायला लागले. मला स्वच्छ कळलं की हे हात आता फार टिकणार नाहीत. आणि मनात आलं – आईला कोण सांगणार?

तेव्हा मला आवाज ऐकू आला.

पुरुषाचा आवाज. भरदार, ठणठणीत, अजिबात घाई नसलेला. तो कानाशी आला नाही आणि लांबूनही आला नाही. कसं सांगू... माझ्या पाठीखालून आला. बेंचमधून, फरशीतून. कूलर चालूच होता, पण त्या आवाजाच्या आड तो आलाच नाही.

"हातातला जोर सोडू नगं. घाबरू नगं पोरी. मनूला धाडलंय."

बस्स. एवढंच.

मी कुणालाच बघितलं नाही. खोलीत कुणी नव्हतं. पण त्या शब्दांनी माझे हात थरथरायचे थांबले, हे मी शपथेवर सांगते. जोर वाढला नाही. भीती गेली, एवढंच. मी नुसतं धरून राहिले.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग दारात चावी फिरल्याचं कळलं आणि मनीषावहिनी धावत थेट त्या खोलीत आल्या. हॉलमध्ये थांबल्या नाहीत, हाका मारल्या नाहीत. हाताला कणीक लागलेली. त्यांनी रॉडच्या एका टोकाला खांदा लावला आणि ओरडल्या, "सरका मॅडम, तिकडून सरका!" रॉड कलला, मी बेंचवरून खाली पडले आणि रॉड पलीकडं धाडकन आदळला. मॅट नसलेल्या जागेवरच.

आम्ही दोघी फरशीवर बसून राहिलो. मला बोलता येत नव्हतं, त्यांना रडू आवरत नव्हतं. त्यांनी पाणी दिलं ते मी अंगावरच सांडलं.

थोड्या वेळानं मी घोगऱ्या आवाजात विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"अण्णांनी सांगितलं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांनी काही खूण केली असेल. म्हटलं, "म्हणजे हातानं?"

"नाय हो मॅडम. बोलले! मी कणीक मळत होते. खोलीतून हाक आली, अशी खणखणीत... दोन वर्षं झाली मी तो आवाज ऐकला नव्हता. पळत गेले तर अण्णा छताकडं बघतायत. म्हणाले, 'वरच्या मास्तरीणबाईच्या गळ्यावर लोखंड हाय. चावी घे. पळ.' मी काय विचार करणार? पळाले."

माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता आणि मी पायही आपटला नव्हता. खाली ऐकू जावं असं काहीच झालं नव्हतं.

मग मी विचारलं, "वहिनी, मनू कोण?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं माझं काहीतरी चुकलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं हे नाव?"

"मी ऐकलं. मघाशी. 'मनूला धाडलंय' असं कुणीतरी म्हणालं."

त्यांनी हाताला वाळलेली कणीक खरवडली. मग म्हणाल्या, "मीच मनू. पण मला मनू फक्त अण्णा म्हणायचे. लग्न होऊन आले ना, पहिल्या दिवशीच म्हणाले, मनीषा-बिनीषा आपल्याला जमायचं नाय, तू आमची मनू. माहेरी बी मला कुणी मनू म्हणत नाय. ह्यांना बी ठाऊक नसंल की ते नाव मला किती आवडतं... अण्णांची वाचा गेली अन् ते नाव बी गेलं."

आम्ही खाली गेलो. अण्णा कॉटवर तसेच, डोळे मिटलेले, कपाळावर घाम. वहिनींनी त्यांचा हात धरून विचारलं, "अण्णा, बोला ना. एकदा बोला." त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं. माझ्या गळ्यावरचा लाल वळ बघितला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ओठ हलले. पण बाहेर आलं ते तेच, "हं... हं..."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मी सहसा कुणाच्या पाया पडत नाही.

संदीप त्याच दिवशी पुण्याहून परत फिरला. सगळं दोनदा ऐकून घेतलं. आमच्या घरात एखादी गोष्ट अशी सोडून देत नाहीत, म्हणून आम्ही कारणं शोधली. अण्णांच्या डॉक्टरांनी सांगितलं की वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडून तीव्र भावनेच्या भरात कधीकधी एखादा शब्द, एखादी शिवी स्पष्ट निघते. ठीक आहे. पण पूर्ण वाक्यं? त्यावर ते म्हणाले, "मी ऐकलं असतं तर सांगू शकलो असतो."

मग वहिनींकडून कळलं की अण्णा एसटीत कंट्रोलर होते. मध्यवर्ती बसस्थानकात माईकवरून गाड्या सांगायचे. मी कॉलेजला शिकत असताना दर शनिवारी तिथूनच पैठणची गाडी धरायचे. म्हणजे तो आवाज मी तेव्हा कितीतरी वेळा ऐकला असणार. संदीपला हे सापडल्यावर बरं वाटलं. "बघ, श्वास कमी पडला, मेंदूनं जुना आवाज काढून दिला."

मी म्हटलं, "असेल. पण मनू हे नाव मेंदूनं कुठून काढलं?"

तो म्हणाला, "ते मला नाही सांगता येत." आणि थोड्या वेळानं एकटाच खाली जाऊन अण्णांपाशी बसून आला. काय बोलला ते मी विचारलं नाही.

व्यायाम मी सोडला नाही. आता एकटी असताना रॉडला हात लावत नाही. आईलाही पैठणला जाऊन बसल्या-बसल्या हातापायांचा व्यायाम शिकवला. परवा ती वॉकर धरून अंगणापर्यंत गेली.

गेल्या महिन्यात अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन झालं, घरच्या घरीच. त्यांना मुलगी नाही. आदल्या दिवशी वहिनी वर आल्या आणि दारातच म्हणाल्या, "उद्या औक्षणाला तुम्ही या. मी सून म्हणून करीन, लेकीच्या बाजूनं तुम्ही करा. अण्णांना विचारलं मी, हो म्हणाले मानेनं." मी पैठणी नेसून गेले. हातात तबक धरलं, तर निरांजनाची ज्योत दिसेना इतकं डोळ्यांत पाणी. मी ओवाळलं, नमस्कार केला. अण्णांनी डावा हात कष्टानं उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ काढलाच नाही. मागं कुणीतरी म्हणालं, चला, जेवणं थंड होतायत. तरी वहिनींनी सगळ्यांना थांबवलं.

त्या दुपारी काय झालं, कसं झालं, याचं उत्तर माझ्याकडं नाही. इथं कुणाकडं असेल तर जरूर सांगा, मी मन लावून वाचीन. अण्णा मात्र त्यानंतर एक शब्दही बोललेले नाहीत. घरात सगळ्यांना अजून आशा आहे. वहिनी म्हणतात, एवढे दिवस साठवलेलं सगळं बोलणं त्यांनी त्या दुपारी तुमच्यावर खर्च केलं, मॅडम. त्या हे हसत म्हणतात, तक्रार म्हणून नाही.