आत्याची पहिली सही

"जनगणना सुरू झाली का गं?" दवाखान्यात, नाकात नळी असताना आत्यानं मला विचारलं. नर्स म्हणाली, "पेशंट बरळतायत." बरळत कसली! लोकसभेत बायकांना एकतृतीयांश जागा द्यायचा कायदा झालाय. पण त्या मिळणार जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर, हे मीच तिला सांगितलं होतं. मी शहरात नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळे दिल्लीच्या उशिराचा जाब ती मलाच विचारायची. दोन दिवसांनी ती गेली. महिना उलटला, मला रडू कमी आणि रागच जास्त येतो.

आत्याचं गाव करमाडच्या अलीकडचं. सासर-माहेर दोन्ही एकाच गावात. माहेर म्हणजे आमचं घर, मेंढरांचं. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा घरच्यांनी तिला उभं केलं. निवडून ती आली आणि गुलालात न्हाले मामा, म्हणजे तिचे यजमान. लोक त्यांनाच सरपंच म्हणायचे. ते कागद पुढं करायचे, ती सही करायची. त्यातच एक ठराव होता... गावचं गायरान गोदामासाठी द्यायला पंचायतीची हरकत नाही, असा. वर्षाच्या आत तारेचं कुंपण पडलं आणि माझ्या वडलांची मेंढरं बाहेर राहिली. वडील तिच्या दारात आले, एवढंच म्हणाले, "अक्का, सही तुझीच हाय."

गायरान परत मिळालं नाही, खोटं कशाला सांगू? पण पुढच्या बैठकीत तिनं पेन बाजूला ठेवलं. "वाचून दावा." मामा कुजबुजले, "सही कर, लोक खोळंबलेत." "खोळंबू द्या. माझा भाऊ बी खोळंबलाय." ग्रामसेवकानं एकेक ओळ वाचली, कळलं नाही तिथं पुन्हा वाचली, दिवेलागण झाली. तेव्हापासून मामा बैठकीच्या वेळी बाहेरच्या बाकावर बसू लागले.

दिल्लीत कायदा झाला त्या दिवशी मी नको ते शहाणपण केलं. म्हणाले, "आत्या, तिथंही पुढाऱ्यांच्या बायका न् सुनाच जातील." अशी भडकली! "मग मी कोण व्हते गं? नवऱ्याचीच बायको ना? पहिली सही आंधळ्यावानी केली, पुढची नाय केली. पर पहिली करायला बी आधी खुर्चीत बसावं लागतं. तुमा शिकलेल्यांना नावं ठेवायची लई घाई!" इतक्या वर्षांत वर्गात इतकं नेमकं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

मग तिनं हट्टच धरला. दर रविवारी तिच्या ओसरीवर बायका जमू लागल्या... कागद वाचायचे, ठराव मांडायचे, उभं राहून बोलायचं. "जागा आल्या अन् बाया तयार नसल्या, तर आमच्या ह्यांच्यावानी लोक हायतच टपून." मी येऊन शिकवावं ही तिची इच्छा होती. मी म्हणायचे, पेपर तपासायचेत, पाहुणे आलेत, पुढच्या रविवारी नक्की... तो पुढचा रविवार काही आला नाही. आता माझी मलाच लाज वाटते.

तेराव्यानंतरच्या रविवारी गेले. वाटलं होतं, कोण येणार? ओसरी भरलेली होती. बोलावणारी उरली नव्हती, तरी सगळ्या ठरल्या वेळेला येऊन बसल्या होत्या. लोकसभा कशी चालते ते मी सांगू लागले. आत्याची सून सुनीता दाराआडून ऐकत होती. मामा घरात असले की ती ओसरीवर येत नाही. मध्येच तिनं विचारलं, "ताई, खासदार व्हायला शिक्षण किती लागतं?"

"शिक्षणाची अट नाही. वय पंचवीस पूर्ण पाहिजे."

मामा आत खाटेवर पडले होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं. आता बायका हसतील असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. सुनीता उंबरा ओलांडून बाहेर आली आणि पुढच्या रांगेत बसली.

"मला सत्ताविसावं लागलंय," ती म्हणाली. "म्हंजे मला चालतंय."