शामरावांचा आक्षेप क्रमांक चार

बावीस वर्षं सरकारी लेखापरीक्षणात काढल्यावर शामराव वासनिकांचा विश्वास फक्त मूळ कागदावर उरला होता, झेरॉक्सवरसुद्धा नाही. अठ्ठ्याण्णव साली दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून ते गाझियाबादच्या नव्या सोसायटीत राहायला गेले, तेव्हा महिनाभर फ्लॅटच्या भिंती वाजवून पाहत होते.

अशा माणसाच्या घरी शाळेचं पत्र आलं. चौथीतली समता प्रतिभावान मुलांच्या खास वर्गासाठी निवडली गेली आहे, पालकांनी शुक्रवारपर्यंत संमतिपत्रावर सही करावी.

"बाबा, सही करा ना," समता म्हणाली. "तिथे मायक्रोस्कोप आहे. शुक्रवारनंतर सीट दुसऱ्याला देणार." पोरगी दोन महिने कांद्याचं साल खिडकीच्या काचेला चिकटवून डोळे बारीक करत होती.

"निवड केली कोणी? कोणत्या निकषावर?"

"अहो, पोरगी हुशार आहे, एवढंच कारण नसेल का?" चंदा म्हणाली.

"एवढंच कारण मी एकाही फाइलीत पाहिलेलं नाही."

त्यांचंही खरं होतं. लहानपणी उमरेडच्या शाळेत तपासणीला साहेब आले, की गुरुजी शामला मागच्या बाकाच्याही मागे बसवायचे. उत्तरं सगळी त्यालाच यायची. तेव्हापासून कुठल्या यादीत आपलं नाव दिसलं, की त्यांना आधी यादीचाच संशय येई.

गुरुवारी अर्धी रजा टाकून ते शाळेत पोचले. निकष काय, पेपर कोणी काढला, तपासला कोणी, हे त्यांचे तीन आक्षेप खास वर्गाच्या ग्रोवर मॅडमनी कागद दाखवून निकाली काढले. मग समताची उत्तरपत्रिका पुढे ठेवली.

एका आंबेवाल्याने अर्धे आंबे विकले, तर किती उरले, असा प्रश्न होता. समताने पान मधोमध दुमडून डाव्या बाजूला लिहिलं होतं : 'मुळात किती होते ते दिलेलं नाही. कृपया खुलासा व्हावा.' उजवी बाजू कोरी.

"सवाल जानबूझकर अधूरा था, वासनिकजी," मॅडम म्हणाल्या. "सौ बच्चों ने कोई न कोई जवाब लिख दिया. पूछा सिर्फ़ इसने."

शामरावांचा चेहरा उतरला. डावीकडे आक्षेप, उजवीकडे खुलाशाला जागा, ही तर त्यांच्या खात्याची रीत. त्यांचे फुकट गेलेले मसुदे पाठकोरे म्हणून घरात वापरले जात. पोरगी त्यांच्यावरच चित्रं काढत वाढली होती. म्हणजे शाळा निर्दोष आणि घोटाळा घरात. सही न करताच ते परतले.

संध्याकाळी त्यांनी फुलस्केप दुमडला आणि डावीकडे लिहिलं : 'आक्षेप क्र. ४. विद्यार्थिनीची आक्षेप घेण्याची सवय घरच्या वळणाची दिसते. ती प्रतिभा कशावरून?' हा कागद सकाळी मॅडमकडे जायचा होता.

"स्वतःच्या पोरीवर आक्षेप काढता?" चंदाने विचारलं.

"नियम सगळ्यांना सारखे."

समताने कागद दोनदा वाचला. "उजवी बाजू माझी ना?" म्हणाली आणि पेन्सिल घेऊन आत गेली. जेवणाच्या वेळी कागद शामरावांच्या ताटाशेजारी आला : 'सुगतदादा याच घरच्या वळणात माझ्यापेक्षा सहा वर्षं जास्त वाढला आहे. त्याने आजवर एकही आक्षेप घेतलेला नाही.'

शामरावांनी मान वर केली. सोळा वर्षांचा सुगत टीव्हीवरच्या क्रिकेटकडे पाहत जेवत होता. शामरावांनी वांग्याच्या भाजीचा घास घेतला आणि थांबले.

"चंदा, भाजीत मीठ आहे?"

"अगंबाई, राहिलंच."

"सुगत, भाजी कशी झालीय?"

"एकदम मस्त," म्हणत त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतली.

शामरावांनी हिरवं पेन उघडलं. 'खुलासा समाधानकारक. आक्षेप मागे.' मग संमतिपत्र दिव्यासमोर धरून पाहिलं आणि खाली सही ठोकली.

"हे उत्तर तू तर नाही ना सांगितलंस?" त्यांनी चंदाला हळूच विचारलं.

"मी सांगत बसले असते, तर पोळ्या कोणी केल्या असत्या?"

समताने संमतिपत्र ओढून घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं.

"बाबा, सहीखाली तारीख नाही."