बॉडी म्हणजे मायनस

गाड्यांचं वायरिंग हा माझ्या मामाचा धंदा आणि काळजी हा जोडधंदा. दुरुस्त केलेली गाडी गेली तरी संध्याकाळी गिऱ्हाइकाला फोन जायचाच, "हेडलाइट दोन्ही लागतायत ना?" लोक त्याला तोंडावर 'परत बघू' म्हणायचे. त्याच्या या चिकटपणाचा मला वैताग यायचा. मामी मात्र हसून सोडून द्यायची.

मामीला दम्याचा त्रास होता. औषधाची वाफ देणारं तळहाताएवढं यंत्र तिच्या उशाशी असायचं, सहा व्होल्टचं, अडॅप्टर लावून भिंतीतल्या विजेवर चालणारं. त्या दिवशी वादळानं वीज गेली आणि दुपारपर्यंत मामीला एक वाक्य एका दमात बोलता येईना. तोंडात मारायचा पंप घेऊनही फरक पडेना. रुग्णवाहिकेला फोन केला तर म्हणे झाडं पडलीत, यायला तीन तास. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "लांबच्या रस्त्यानं तुम्हीच आणा, पण वाटेत वाफ चालू ठेवा. मध्ये खंड नको."

आमच्याकडे वीज होती ती फक्त गाडीच्या बॅटरीत, आणि ती बारा व्होल्टची. थेट जोडलं असतं तर यंत्र जळून गेलं असतं. मामानं दुकानातल्या डब्यातून नखाएवढी, तीन पायांची चिप शोधून काढली. बाराचे सहा करणारी. उरलेल्या सहाची मात्र ती उष्णता करते. म्हणून तिच्या पाठीचा पत्रा थंड ठेवायला मोठ्या धातूला टेकवावा लागतो. मामानं ती डॅशबोर्डखालच्या लोखंडी पट्टीवर स्क्रूनं आवळली. मी गाडी चालू केली. यंत्र ढिम्म.

मामानं मीटर लावला. शून्य.

"वायर तुटली असेल," म्हणत त्यानं सगळे जोड पुन्हा केले. शून्यच. मागच्या सीटवर मामीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. तिची नखं निळसर दिसायला लागली होती.

"मामा, लवकर कर ना रे!" मी ओरडले. मला नंतर त्याची लाज वाटली.

चिप नीट बघायला म्हणून त्यानं स्क्रू काढला आणि मीटरचा काटा टुणकन सहावर गेला. पुन्हा आवळला, शून्य. मामा पांढराफटक पडला.

"हिची पाठ मायनस नाहीये," तो पुटपुटला. "हिच्या पाठीतूनच सहा व्होल्ट बाहेर येतायत. आणि मी गाढव, ते सगळे बॉडीत ओततोय!"

गाडीत मायनसची वेगळी वायर सहसा कुणी ओढत नाही. गाडीचा पत्रा, म्हणजे बॉडी, हाच मायनस. जे पत्र्याला टेकलं ते मायनस झालं, असं मामा तीस वर्षं धरून चालला होता. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं ही चूक केली नसती. ती गाडीवाल्यानंच करायची. आता चिप टेकवावी तर वीज पळते आणि न टेकवावी तर दोन मिनिटांत तापून बंद पडते. वीज अडवेल पण उष्णता जाऊ देईल असं काहीतरी मध्ये हवं होतं.

"अभ्रक!" म्हणून तो घरात धावला. मामीची चांगली इस्त्री त्यानं उघडली, उघडली कसली, फोडलीच, आणि आतला अभ्रकाचा पापुद्रा घेऊन आला. स्क्रू चालणार नव्हता, तोही लोखंडीच. मी वाळत घातलेल्या कपड्यांचा लाकडी चिमटा ओढून आणला. पट्टी, पापुद्रा, चिप आणि वर चिमटा. काटा सहावर थांबला. यंत्र घुरघुरलं. मामीच्या मास्कमध्ये वाफ दिसली तेव्हा मला रडूच आलं.

दोन तास मी गाडी चालवली. मामा चिमट्याजवळ वाकून बसला होता. वाटेत एकदाही त्यानं 'हळू चालव' म्हटलं नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

दवाखान्यात मामीला स्ट्रेचरवरून आत नेलं. मी धावत मागे गेले, कागदांवर सह्या केल्या. मामा कुठे दिसेना म्हणून बाहेर आले, तर तो गाडीतच. इंजिन चालू, मागच्या रिकाम्या सीटवर मास्क पडलेला, औषध केव्हाच संपलेलं आणि यंत्र घुरघुरतंय.

"मामा, आता बंद कर ते. तिला आत ऑक्सिजन लावलाय."

"राहू दे."

"अरे, पण कुणासाठी?"

"मी बंद केलं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि आत तिला काही झालं तर?"

मी शेजारी बसले. तासाभरानं नर्स बाहेर आली, खिडकीत वाकून म्हणाली, "त्या आता बोलतायत. विचारतायत, तुम्ही काही खाल्लंत का?"

मामानं बटणाकडे हात नेला. हात इतका कापत होता की बटण सापडेना. शेवटी मीच ते बंद केलं.