पर्लची पेशी

ज्या माणसामुळं आज माझे हात धड आहेत, त्याचा मला अजूनही राग येतो. उपकार मानते, रोज मानते. पण राग काही जात नाही.

माझं गाव वैनगंगेच्या काठी, राज्याच्या पार पूर्व टोकाला. आठवीनंतर शाळा सुटली. ठेकेदाराच्या माणसांबरोबर वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आले, बजाजनगरात चौघींत एक खोली घेतली आणि एका कारखान्यात पॅकिंगच्या लाइनीवर लागले. लोखंडी भाग गंजू नयेत म्हणून त्यांना तेल फासलेलं असतं. ते उचलायचे, पिशवीत घालायचे, खोक्यात भरायचे. हातमोजे असायचे, पण तेल आत शिरायचंच. पुढं हातांना चिरा पडल्या, सालं निघायला लागली, भाकरी मोडताना रक्त यायचं. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "तेल सोड, नाहीतर हात सोड."

सुपरवायझर घाईचा होता, पण वाईट नव्हता. म्हणाला, "ताई, लेबलच्या खोलीत खुर्ची रिकामी हाय. खोक्यांवरच्या पत्त्यांची लेबलं छापणारा तिथला प्रोग्राम लई जुना, पर्ल म्हणून कॉम्प्युटरची भाषा हाय, तिच्यातला. लिहिणारा कवाच सोडून गेला. आता नव्या मालाचे पत्ते चुकायलेत. त्याला सांभाळता आलं तर बस तिथं. नाय तर गावाकडं जा. असले हात मी लाइनीवर ठिवू शकत नाय."

गावाकडं गेले असते तर पुन्हा कुणी पाठवलं नसतं. तेवढं मला पक्कं माहीत होतं.

शहरात, पुंडलिकनगरात, एक निवृत्त गृहस्थ रविवारी सकाळी पर्ल शिकवायचे, गच्चीवरच्या पत्र्याखाली, फुकट. सगळे त्यांना सर म्हणायचे. जुने प्रोग्राम गळ्यात पडलेली पोरं तिथं यायची, बहुतेक डिप्लोमावाली. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "शिक्षण?"

"आठवी."

मागं कुणीतरी खिदळलं. सर हसले नाहीत. "मग प्रश्न तरी आठवीचे विचारू नका," म्हणाले. "बसा."

त्यांची शिकवायची रीत म्हणजे पेशी. धडा नाही, फळा नाही. ज्याला अडचण असेल त्यानं पुढं प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचं. बाकीच्यांनी उत्तर द्यायचं नाही, उलट प्रश्नच विचारायचे. तो बोलून बोलून स्वतःच उत्तराला पोचेपर्यंत त्याला सोडायचं नाही. ऐकायला बरं वाटतं. त्या स्टुलावर बसून बघा. पोरांना ती रीत म्हणजे आयती शिकार होती. "आज कुणाची पेशी?" असं विचारताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं.

माझा नंबर आला तेव्हा मी पदर सावरून बसले आणि म्हटलं, "सर, लेबलचा प्रोग्राम नीट चालत नाही."

"चालत नाही म्हणजे? पाय मोडला का त्याचा?"

हशा.

"म्हणजे पत्ते चुकतात."

"कोणते? कुणाऐवजी कोणता येतो? प्रोग्रामला दिलं काय, त्यानं काढलं काय, यायला काय पाहिजे होतं?"

मला एकाचंही उत्तर धड देता येईना. मी पदरानं डोळे टिपले.

"रडून प्रोग्राम सुधरत असता तर मी कांदा कापत बसलो असतो," सर म्हणाले. "उठा. पुढचा कोण?"

त्या गच्चीवर आमच्याच कारखान्यातला एक ट्रेनी यायचा. डिप्लोमा झालेला, इथलाच, कॉलर कडक. लेबलच्या खुर्चीवर त्याचाही डोळा होता, कारण तिथनं ऑफिसात शिरायला वाट होती. मला मॅडम म्हणायचा, आणि ते म्हणताना शेजारच्याकडं बघायचा. "मॅडम, क्यों टेन्शन लेते? तुमच्या गावाकडं धानाची शेती झकास असते म्हणे."

मी पुढचा आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत लेबलच्या खोलीत जाऊन बसले. डबा मांडीवर, डोळे पडद्यावर. काय दिलं, काय आलं, काय यायला पाहिजे होतं, एवढंच तपासत राहिले. जुन्या मालाचे कोड नुसते आकड्यांचे होते, त्यांचे पत्ते बरोबर यायचे. नव्या मालाच्या कोडात पुढं अक्षरं होती. त्या सगळ्या खोक्यांवर एकच पत्ता यायचा, यादीतल्या पहिल्या अक्षरवाल्या कोडाचा. एवढं सापडलं तेव्हा मला इतका आनंद झाला की भाजी कीबोर्डवर सांडली.

रविवारी पुन्हा स्टुलावर बसले आणि हे सगळं न अडखळता सांगितलं. कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "बरं. दोन कोड सारखे आहेत, हे प्रोग्राम ठरवतो कशावरून?"

मी ती ओळ वाचली होती. तिथं दोन बरोबरच्या खुणा होत्या. पण त्या काय करतात हे सांगता येईना. तेवढ्यात माझ्या पाठीमागं तो ट्रेनी खालच्या आवाजात म्हणाला, "डबल इक्वल काढ, ईक्यू टाक."

ई आणि क्यू, दोन इंग्रजी अक्षरं, एवढंच मला कळलं; मी घाईनं तेच बोलून गेले. "दोन बरोबरच्या खुणा काढून ईक्यू टाकायचं, सर."

"का?"

माझी मान मागं वळली.

"हे उत्तर कुणाचं?"

मी नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी माझीच शोभा झाली असती.

"उसनं उत्तर घेऊन इथं बसायचं नाही. जा घरी," सर म्हणाले. त्या फुसफुसणाऱ्याला मात्र काही नाही. त्यांना ऐकू गेलं नव्हतं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. गेलं होतं.

जिन्यात ट्रेनीनं गाठलं. "आन्सर फुकट भेटलं ना, मॅडम? थँक्यू तर बोला."

आणि मी बोलले. सवयच तशी. कुणी काही दिलं की आधी हात जोडले जातात, काय दिलं ते नंतर बघते.

सोमवारी मी सगळ्या प्रोग्राममध्ये जिथं जिथं दोन बरोबरच्या खुणा दिसल्या तिथं तिथं ईक्यू टाकलं. करायचं ते नीट करावं, असं वाटलं. नव्या मालाचे पत्ते एकदम बरोबर यायला लागले. सुपरवायझरनं पाठ थोपटली. "शाब्बास ताई! आजपासनं हितंच बसायचं."

दुपारी जुना माल लागला आणि भरगच्च खोक्यांवर प्रिंटर 'माल अपुरा' छापायला लागला. एकापाठोपाठ एक. लाइन थांबली. गेटवर ट्रक भरायचा राहिला. सुपरवायझर धावत आला, "अहो, ह्ये काय? सकाळी शाब्बास म्हणलो तीच माझी चूक!"

दारात ट्रेनी उभा. "मी ईक्यू टाक म्हणलो. सगळीकडं टाक म्हणलो का? उठा मॅडम, मी बघतो."

मी खुर्चीचे दोन्ही हात धरून ठेवले. चिरांतनं आग झाली. "मी बघते," म्हटलं.

सुपरवायझरनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. "ट्रकवाला जेवाया गेलाय. त्यो येईस्तोवर. मंग ह्यो बसंल खुर्चीवर, आन् तुमी गावाकडं."

ट्रेनी गेला नाही, चौकटीला टेकून मोबाइलवर गाणं लावून उभा राहिला. मी त्या मोठ्या प्रोग्रामला हातच लावला नाही. वेगळी दोन ओळींची फाइल केली. काय दिलं? खोक्यातले नग मोजणारं यंत्र तीन अंकी आकडा पाठवतं, चोवीस असले तर पुढं एक शून्य लावून; नव्या मालाच्या खोक्यात शंभरावर नग, म्हणून सकाळी काही अडलं नव्हतं. यादीत नुसतं चोवीस. काय आलं? वेगळे आहेत. काय यायला पाहिजे होतं? सारखे. पुन्हा जुन्या खुणा टाकल्या, सारखे आले. मग तिथंच दोन नवे कोड घालून बघितले, तर तेही सारखे! मग उलगडलं. त्या खुणा दोन्ही बाजूंना आकडा समजूनच बघतात, आणि अक्षरानं सुरू होणाऱ्या कोडाचा आकडा शून्यच निघतो. ईक्यू अक्षर अन् अक्षर ताडून बघतं, त्याला पुढचं शून्यही खुपतं. म्हणजे कोड जुळवायला ईक्यू, नग मोजायला जुन्या खुणा. एकेक ओळ वाचत, कुठं कोड आणि कुठं नग, असं विचारत मी त्या खुणा परत बसवल्या.

ट्रकवाला दात कोरत आला तेव्हा खोकी बरोबर निघत होती. सुपरवायझर पुन्हा शाब्बास म्हणाला नाही. ट्रेनीला म्हणाला, "गाणं बंद कर आन् लाइनीवर जा."

खुर्ची माझी झाली. रविवारी मी पेढे घेऊन पुंडलिकनगरला गेले. सर म्हणाले, "प्रश्न काय आहे?"

"प्रश्न नाही सर. झालं ते. पेढे आणलेत."

"प्रश्न नाही तर इथं काय काम? जागा अडवू नका."

पोरं हसली. पुडा हातात तसाच. मग काय झालं मला माहीत नाही, मी जाऊन स्टुलावर बसले.

"आहे प्रश्न. पहिल्याच दिवशी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर तुमचं काय बिघडलं असतं?"

सरांनी चष्मा काढला. तेही त्यांच्याच रीतीनं बोलले. "सांगितलं असतं, आणि सोमवारी लाइन थांबली असती, तर कुणाला फोन लावला असता?"

"तुम्हाला."

"मी उचलला असता?"

"नसता," मी म्हटलं. "माणसानं उचलावा, सर."

मी उठून पुडा स्टुलावर ठेवला, वाकून नमस्कार केला, कारण तो करायचाच होता, आणि जिना उतरले. पुन्हा त्या गच्चीवर गेले नाही. हात बरे व्हायला उन्हाळा उजाडावा लागला.