उर्वीचं पहिलं नको

उर्वीला आयुष्यात जे जे हवं होतं, त्यातलं निम्मं तिने "नको" म्हणून घालवलं. दोष तिचा नाही, आई गिरिजाबाईंनी लावलेल्या वळणाचा. कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा हसायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, हे त्या घरचं शास्त्र. मराठी मंडळात ते छान चालायचं, कारण तिथे वाढणारी माणसं चौथ्यांदाही पिच्छा सोडत नाहीत. पण उर्वी जन्मली आणि वाढली अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये. मैत्रिणीच्या आईने केक पुढे केला आणि ही "नको" म्हणाली, की केक सरळ फ्रिजमध्ये. कॉलेजात एकाने लग्नाचं विचारलं, तर म्हणाली, "छे, माझ्यात काय आहे!" त्याला ते पटलं. पुढे केदार भेटला तो नागपूरचा, आग्रहात मुरलेला, म्हणून संसार झाला.

पन्नाशी उलटल्यावर औषधांच्या दुकानातली नोकरी सांभाळून उर्वीने ग्लेनचं काम अंगावर घेतलं. ग्लेन गावातले पियानो सुरात लावून द्यायचा, वय सदुसष्ट, आणि तो चक्क देशाच्या अध्यक्षपदाचा अपक्ष उमेदवार होता. तिकडे घड्याळं वर्षातून दोनदा तासभर मागेपुढे करतात, ती करायची नाहीत, एवढाच त्याचा जाहीरनामा. निवडून यायची शक्यता शून्याच्या जरा खालीच. तरी दोन हिवाळे उर्वीने बसथांब्यांवर उभं राहून, पेनातली शाई गोठेपर्यंत त्याच्या उमेदवारीसाठी सह्या गोळा केल्या. आता मतपत्रिकेवर यायचं तर शुक्रवारी पाचच्या आत उपाध्यक्षपदासाठीही एक नाव द्यायला हवं होतं. ते आपलं असावं, असं तिला फार वाटत होतं. इतकं, की तिने बाथरूमच्या आरशासमोर हात वर करून शपथसुद्धा घेऊन पाहिली होती.

सोमवारी ग्लेनने विचारलं, "उर्वी, उपाध्यक्ष म्हणून तू उभी राहशील?"

"छे छे, मी कसली! कुणी मोठं माणूस बघ ना," असं म्हणून ती पुढच्या हसण्याच्या तयारीत उभी राहिली.

"तुझ्या निर्णयाचा मला आदर आहे," ग्लेन म्हणाला. मग दुसऱ्या लोकांच्या मुलाखती ठरवायला तिलाच सांगून तो निघून गेला.

असला आदर चुलीत घाला!

"त्याने एकदा तरी इन्सिस्ट करायचं ना, यार!" घरी येऊन ती केदारवर उखडली.

"अगं, मग तूच त्याला फोन करून सांग."

"मी कसं सांगणार? इट्स सो ऑकवर्ड!"

ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं. आता तोंड दाबून बुक्क्यांचा मार सुरू झाला. पहिल्या बाईंनी ग्लेनकडून आधी आपला पियानो लावून घेतला आणि मग नकार दिला. दुसऱ्या गृहस्थांना अध्यक्षपदच हवं होतं, ग्लेनला उपाध्यक्ष करायची त्यांची तयारी होती. तिसरे मधमाश्या पाळणारे. ते प्रश्न संपायच्या आत "हो" म्हणाले. व्हाइट हाउसच्या हिरवळीवर वीस पेट्या ठेवायच्या, एवढीच त्यांची अट. उर्वी सगळ्यांना कॉफी देत होती आणि मनातल्या मनात शिव्याही.

शुक्रवारी साडेचारला ग्लेनने फॉर्म पुढे ओढला. "मधमाशीवाले तर मधमाशीवाले," म्हणत त्याने पेन उघडलं.

"म्हणजे, दुसरं कुणीच नसेल तर..." उर्वी पुटपुटली. ग्लेनने पेन टेकवलं.

"थांब! मला हवंय!" ती इतक्या जोरात ओरडली की कॉफी सांडली. "मला उपाध्यक्ष व्हायचंय. पहिल्या दिवसापासून व्हायचंय!"

"मग आधी नाही कशाला म्हणालीस?"

"आमच्यात पुन्हा विचारावं लागतं!"

ग्लेन बिचारा भला माणूस. त्याने पेन खाली ठेवलं, घसा खाकरला आणि विचारलं, "उर्वी, उपाध्यक्ष म्हणून उभी राहशील?"

"नको नको!" तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग एका हाताने स्वतःचं तोंड दाबून दुसऱ्या हाताने तिने फॉर्म ओढला आणि त्यावर आपलं नाव लिहून टाकलं.

संध्याकाळी तिने भीतभीत आईला फोन केला. गिरिजाबाई आता एक्क्याऐंशीच्या, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या.

"आई, मी स्वतःच मागून घेतलं गं. कुणी आग्रह केला नाही."

आता बोलणी बसणार, म्हणून उर्वीने डोळे मिटले.

"बरं केलंस," गिरिजाबाई म्हणाल्या. "तू पहिलीत होतीस तेव्हा मला आमच्या लायब्ररीत हेड करणार होते. मी म्हटलं, छे, मला कुठलं जमायला. ते ओके म्हणाले."

"मग?"

"मग काय. पुन्हा विचारतील म्हणून मी तीन आठवडे रोज चांगली साडी नेसून जात होते."