कडुलिंबाखालचा किसन

आता काय सांगू तुम्हाला, भर दुपारी मी एका भुतापुढं गुन्हा कबूल केला! तोही न केलेला!

दुकानाशेजारचा गाळा मी बिअर बारला भाड्यानं दिलाय. तिथं किसन मेंढपाळाची आणि त्याच्या साडूची जुंपली. साडूनं लोखंडी स्टूलच तोंडावर घातलं. वेटर धापा टाकत आला, "शेठ, लय रगात गेलं. गडी वाचत न्हाई!"

संपलं, किसन गेला! कायदा मी शिकलो पुड्या बांधायच्या रद्दीतून. एका तुकड्यावर होतं, बारमधल्या मारामारीत कोणी जखमी झालं तर जागेचा मालकही... पुढं कागद फाटलेला! उरलेला कायदा मीच पुरा केला: दुकान जप्त, मालक आत.

काही दिवसांनी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, समोरच्या कडुलिंबाखाली किसन उभा! डोकं, जबडा, सगळं पांढऱ्या पट्टीत. नुसते डोळे, अन् खांद्यावर त्याचं नेहमीचं घोंगडं. हाक मारली, बोलेना. टक लावून माझ्याकडंच. रोज दुपारी तेच!

बायको म्हणाली, "उतारा ठेवा. अन् मागं वळून बघू नका, न्हाईतर घरात येईल."

पत्रावळीवर पातळ दहीभात, वर लिंबू. ठेवला, पाठ फिरवली. संध्याकाळी पत्रावळ लख्ख! लिंबू तेवढं बाजूला काढलेलं. कुत्रं असं करील का, सांगा?

मग रोज उतारा. एकदा पाठ फिरवली अन् मागून 'सुर्रर्र' आवाज आला. मान ताठ ठेवून ओरडलो, "किसनबा, जागा माझी, चूक माझी! जखमेची भरपाई मी देतो, पण पिच्छा सोड!"

मागून बाईचा आवाज, "देता न्हवं? समदे ऐकायलेत बरं!"

नियम गेला खड्ड्यात, वळलो. किसन तोंडावरची पट्टी सरकवून पत्रावळीतला दहीभात भुरकायलाय. बुंध्याआडून त्याची बायको उठलेली, अन् रोज दुपारी किसनला ड्रेसिंगला न्यायला येणारा ऑटोवाला दात काढायलाय.

"जबड्याला तार बांधली हाय, शेठ. बोलता येईना, चावता येईना. तुमचा दहीभात तेवढा पोटात जायलाय."

"मग केस?"

"ती साडूवर हाय. तुमचं नाव कुठं व्हतं?" ती ऑटोवाल्याकडं वळली. "आता घालावं म्हणते!"

वकिलाकडं पळालो. त्यानं कपाळाला हात लावला. "अहो, भाडेकरूच्या बारमधल्या भांडणात नुसत्या जागामालकाला कोण धरतंय? जखमीचा जबडा बंद, साडू फरार. अख्ख्या प्रकरणात अजून कोणाचाच जबाब नव्हता, शेठ. पहिला तुमचा!"