मरळीच्या मागं तिघं

गळ टाकणाऱ्या माणसाशी संसार केला की घरात मासे कमी आणि किस्से जास्त येतात. मासा निदान शिजवून संपवता येतो, किस्से मात्र साठतच जातात!

आमच्याकडे हे, त्यांचे दोस्त दूधवाले बापू आणि चित्रकलेचे निवृत्त मास्तर, असं तिघांचं टोळकं आहे. होळी झाली, तळ्याचं पाणी जरा कोमट झालं की काठाजवळ मरळ फिरू लागते. ती बेडकावर झडप घालते, म्हणून गळाला रबरी बेडूक लावून हे तिघं गावोगावची तळी पालथी घालतात. बापूंना मरळ मिळाली, मास्तरांना मिळाली. यांना तीन वर्षांत एकही नाही! पण उमेद बघा, दर रविवारी निघताना सांगणार, "मसाला वाटून ठेव!"

*

एका रविवारी मी खरंच वाटून ठेवला. हे हात हलवत परत आले, मागून दोघं जेवायला. वाटण वाया कशाला घालवा, म्हणून मी त्यात बटाटे सोडले.

मास्तरांनी पहिला घास घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, काटं काढायचं तुमच्याकडनं शिकावं!"

*

कोडोलीकडच्या एका तळ्यात जलपर्णी माजली होती. यांनी तिच्यात बेडूक फेकला आणि दोरी ताणली गेली.

"लागली! लई मोठी हाय!"

बापू जाळं घेऊन पाण्यात उतरले. तेवढ्यात जलपर्णीतून दोन शिंगं वर आली. गळ म्हशीच्या दाव्यात अडकला होता!

काठावरून मालक म्हणाला, "पावणं, सोडा की तिला, धारंची वेळ झाली!"

*

माझे सोमवार, गुरुवार, शनिवार असतात. शिवाय संकष्टी, एकादशी. त्या दिवशी आमच्या घरात मासा येत नाही. बापूंची त्यावर कायमची तक्रार.

"वहिनी, मासं बी तुमचं कॅलेंडर बघत्यात. नेमकं संकष्टीलाच गळाला लागत्यात!"

"श्रद्धाळू असतील हो," मी म्हटलं.

*

तळ्यावर बोलायचं नाही, मरळीला कळतं, हा मास्तरांचा नियम. एकदा अर्धा तास सगळे चिडीचूप. यांचा रॉड वाकला. मरळच! आणि मास्तरांच्याच खिशातला मोबाईल वाजला. रिंगटोन गणपतीची आरती.

यांनी रॉड सोडून हात जोडले!

"बेडूक गिळायला आलती, अख्खा सेट घेऊन गेली," बापू अजून सांगतात.

घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, आधी मरळ ओढायची, मग हात जोडायचे."

"तीस वर्षं तूच सवय लावलीस की!"

*

यंदा पाडव्यानंतरच्या रविवारी डबा घेऊन मीही बरोबर गेले. ऊन चढायच्या आत यांना मरळ लागली. खरीखुरी, हातभर! बापूंनी फोटो काढले, मास्तर स्वतःचाच नियम मोडून ओरडले. यांचे डोळे भरून आले.

"पिशवी आण गं," मला म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, माझ्या माहेरी म्हैस व्याली की पहिला खरवस देवीला दाखवतात. तशी तुमची पहिली मरळ मी अंबाबाईला बोललेय."

"वहिनी, देवीला मासा चालत न्हाय!" बापू कळवळले.

"म्हणून तर पाण्यात सोडायची."

हे मरळीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. चपला काढल्या, गुडघाभर पाण्यात गेले आणि हात सैल सोडले. शेपटी एकदा हलली, मग नुसतं पाणी.

वर येऊन त्यांनी नवा बेडूक बांधला. माझ्याकडं न बघता विचारलं, "दुसरी तरी कुणाला बोलली न्हाईस न्हवं?"

मी डबा उघडला. "आधी थालीपीठ खाऊन घ्या," म्हटलं.